जुन्या इमारतींच्या पुनर्वापराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: दोन सत्रांनंतरचा अनुभव

फी भरमसाट आहे हे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण ती पूर्ण भरल्यावरही काँक्रीटच्या चाचणीचे पैसे वेगळे मागितले, तेव्हा डोकं फिरलं.

चाचणी कुठली, तर फिनॉल्फ्थॅलीनची. काँक्रीटचा थोडा भाग फोडायचा आणि ताज्या पृष्ठभागावर द्रावण फवारायचं. काँक्रीट अजून अल्कधर्मी असेल तिथे गडद गुलाबी रंग येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड जिथवर मुरलाय, तिथवर काहीच रंग येत नाही. हा बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईचं गंजापासूनचं संरक्षण गेलं. इमारत ठेवायची की पाडायची हा वाद इथून सुरू व्हायला हवा. त्यासाठी लागतं काय? छिन्नी, हातोडा आणि फवारणीची एक बाटली. एवढ्यासाठी अर्ज, दोन सह्या आणि पावती! मी विभागाशी भांडले. आता बाटली स्टुडिओतच असते, पण आधी घेतलेले पैसे अजून परत आलेले नाहीत.

सनदा आणि सिद्धान्तांचे तास सुरुवातीला मला निव्वळ वेळकाढू वाटायचे. ते मत बदललं. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचं नववं कलम सांगतं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आमच्या प्रकल्पात पडून गेलेला सज्जा ‘असाच असणार’ म्हणून रेखाटला जात होता. या कलमामुळे तो थांबला, आणि पुरावा नव्हता तो भाग आम्ही उघडपणे नवा म्हणून दाखवला.

सगळ्यात जीव रमला तो फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या ग्राँ पार्क या वसाहतीच्या अभ्यासात. १९६० च्या दशकातली ५३० घरं. लाकातों, व्हासाल या वास्तुविशारदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पाडली नाहीत; बाहेरून ३.८ मीटर खोल काचबंद सज्जे जोडले, आणि काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहिले. पाडून बांधायचं तर तेवढं सिमेंट-पोलाद पुन्हा आणा, तेवढा कार्बन पुन्हा हवेत सोडा. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मला हे समजावून सांगावं लागलं नाही.

स्ट्रक्चरचा विषय मात्र कच्चा. नव्या फ्रेमची गणितं घोटून घेतात. चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, हे दोन वाक्यांत उरकलं.

प्रवेश घेणार असाल तर प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी कधी उघडी असते आणि चाचण्या फीमध्ये धरल्यात का, हे आधी विचारा. लेखी उत्तर आल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका.