सनमायका लागायच्या आत प्लाय उलटून बघा

लालबागला पुनर्विकासात मिळालेल्या आमच्या घराचं फर्निचर ओळखीतल्याच कंत्राटदाराला दिलं. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं: सगळीकडे '७१०' मरीन प्लाय (आयएस ७१० या मानकाचा, पाण्याला टिकणारा). भावही मरीनचाच.

माल आला तेव्हा त्याने आम्हाला मुद्दाम खाली बोलावलं. टेम्पोतल्या वरच्या शीटवर आयएसआयचा ठळक शिक्का. "फोटो काढून ठेवा वहिनी," म्हणाला. काढले. खालच्या थप्पीत काय होतं ते सनमायकाखाली गेलं.

राहायला आलो भर पावसाळ्यात. कपाट उघडलं की नाकात झिणझिण्या, डोळ्यांतून पाणी. सासूबाईंचा दमा बळावला. कंत्राटदार म्हणे, "नव्या फर्निचरचा वास असतोच, कापूर ठेवा." (कापराने वास झाकला जातो, हवा तीच राहते.) डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, घरात काम काढलं होतं का?

नाका-डोळ्यांना झोंबणारा तो वायू म्हणजे फॉर्मल्डिहाइड. मरीन प्लाय फिनॉलवाल्या गोंदाने चिकटवतात, त्यातून तो फारच कमी सुटतो. स्वस्त एमआर (म्हणजे फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायमधला यूरियाचा गोंद ओलाव्याने आणि उकाड्याने विघटित होऊन तो सोडत राहतो, आणि मुंबईत दोन्हींना तोटा नाही. हे महिनोन्‌महिने चालतं. डोळे-घसा झोंबणं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच याला कर्करोगकारक ठरवलंय.

चोरी पकडली गेली माळ्यावर. तिथे आतून सनमायका लावायचा कंटाळा केला होता. टॉर्च मारला तर शिक्का: आयएस ३०३, एमआर. "एखादी शीट चुकून आली असेल," हे उत्तर. मग यांनी उरलेला तुकडा जुन्या पातेल्यात उकळत ठेवला, खिडक्या सताड उघड्या ठेवून. मानकाप्रमाणे मरीन प्लायने ७२ तास उकळणं सोसायला हवं. आमच्या तुकड्याचे पदर दुपारच्या चहाआधीच सुटले.

तेव्हा प्रत्येक शीट उलटवून घ्या, सुताराने कितीही तोंड वाकडं केलं तरी. शिक्क्यातला सीएम/एल नंबर (परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या मालाचा आणि चालू आहे का, ते दिसतं. दुकानाचं बिल स्वतःच्या नावाने, ग्रेड लिहिलेलं मागा. आमच्याकडे होती ती कंत्राटदाराची चिठ्ठी.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर तो फक्त माळ्याचे पैसे द्यायला तयार झालाय. आम्ही नाही म्हटलंय, ग्राहक आयोगाचे कागद तयार होतायत. तोवर कपाटांच्या उघड्या कडा आणि पाठी सील करून घेतल्यात. वास कमी झाला, गेला नाही.