ब्लेड सर्व्हर, नऊ महिने आणि दहा झाकणांचं भांडण

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या पतसंस्थेसाठी मागच्या नोव्हेंबरात ब्लेड चेसिस घेतलं, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण दुरुस्त केलेलं. ब्लेड म्हणजे पातळ पाटीसारखा सर्व्हर आणि चेसिस म्हणजे असे ब्लेड खणांत बसवायचं, वीज नि पंखे सामायिक असलेलं खोकं. १० यू उंची (यू म्हणजे सर्व्हरच्या कपाटातलं, म्हणजे रॅकमधलं उंचीचं माप), अर्ध्या उंचीचे १६ खण, ६ पॉवर सप्लाय, १० पंखे. ज्यांनी हे हाताळलंय त्यांना एवढ्यावरून मॉडेल कळेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार कंपनीबद्दल नाही, विकणाऱ्याबद्दल आहे. त्याचंही नाव नको. परवा त्याच्याकडून सातवं ब्लेड आलं आणि सोबतच्या बिलात तळाशी एक ओळ दिसली: ‘ब्लँक, १० नग’, म्हणजे तीच दहा झाकणं, ज्यांचा वाद मेमध्येच मिटला होता. म्हटलं, आता सगळं एकदा लिहूनच टाकू.

घेण्याचं कारण साधं होतं. ११ शाखा, आणि मुख्य कार्यालयातला एकच जुना सर्व्हर कधी बसेल याची रोज धास्ती. दोन नव्या रॅक सर्व्हरच्या किमतीत सहा ब्लेड, चेसिस आणि दोन स्विच मॉड्यूल मिळत होते. पैसा सभासदांचा आहे. जिथे वाचतो तिथे वाचवलाच पाहिजे, या मताचा मी आहे आणि राहीन.

बसवताना पहिली अडचण वजनाची. पूर्ण भरलेलं असं चेसिस २०० किलोंच्या वर जातं. म्हणून ब्लेड, पंखे, पॉवर सप्लाय सगळं आधी बाहेर काढलं आणि रिकामा सांगाडा बाजार समितीतल्या चार हमालांनी रॅकच्या तळाच्या रेल्सवर सरकवला. तुरीचे कट्टे पाठीवर वाहणारी माणसं, पण इतकं जपून उचललं की रंगाला ओरखडासुद्धा नाही. त्यातला एक म्हणाला, “एवढं मोठं खोकं अन् आत काहीच नाही काय जी?” दुसरी अडचण खोलीची. आमचा जुना रॅक ८०० मिलिमीटर खोल, त्यात मागचं दार लागेना. १००० मिलिमीटरचा रॅक घ्यावा लागला. हा खर्च कोटेशनमध्ये कोणी सांगत नाही. केबलचंही तसंच: या पॉवर सप्लायला कॉम्प्युटरची नेहमीची वायर चालत नाही, १६ अँपिअरची, सी-१९ कनेक्टरची जाड वायर लागते.

कॉन्फिगरेशन मात्र मला मनापासून आवडलं. चेसिसच्या मॅनेजमेंट मॉड्यूलला (सगळ्या चेसिसवर नजर ठेवणारा भाग) एक आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला, मग प्रत्येक खणाला त्याच्या क्रमांकाप्रमाणे आयपी ठरवून दिला. ब्लेड बदललं तरी खणाचा आयपी तोच राहतो. एक दिवस वाया गेला तो मेझानिन कार्डापायी, म्हणजे ब्लेडच्या आत बसवायच्या जादा नेटवर्क कार्डापायी. ब्लेडच्या आतलं प्रत्येक पोर्ट मागच्या ठरावीक स्विच खणालाच जोडलेलं असतं, ते वायरने बदलता येत नाही. माझं जादा कार्ड ज्या जागी होतं, तिच्यासमोरचा स्विच खण रिकामा होता. लिंक येणारच कुठून? कार्ड दुसऱ्या जागी बसवलं आणि लिंक आली. आणखी एक: इतक्या जुन्या चेसिसचं रिमोट कन्सोल आजच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, जावा मागतं. त्यासाठी एक जुना लॅपटॉप बाजूला ठेवलाय. त्याला कोणी हात लावायचा नाही. तीन ब्लेडचं प्रॉक्समॉक्स क्लस्टर केलं (प्रॉक्समॉक्स म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारी प्रणाली), एक बॅकअपला, दोन राखीव.

आता मुख्य गोष्ट. सहा ब्लेड आले, म्हणजे दहा खण रिकामे. त्या दहा खणांवर लावायचे ब्लँक, म्हणजे प्लास्टिकची झाकणं, आलीच नाहीत. विचारलं तर उत्तर मिळालं, “ते फक्त शोभेचं असतं सर, चालतं त्याच्याशिवाय.”

चालत नाही. चेसिसचे पंखे मागे असतात आणि समोरून हवा ओढतात. हवा सोप्या वाटेने जाते. उघडा खण म्हणजे मोकळा रस्ता आणि ब्लेड म्हणजे हीटसिंक नि रॅमने भरलेली अरुंद बोळ. बहुतेक हवा रिकाम्या खणांतून तशीच मागे निघून जाते, ब्लेड तापतात, मग मॅनेजमेंट मॉड्यूल पंख्यांचा वेग वाढवतं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून असा आवाज होता की दोन भिंतींपलीकडे कॅश काउंटरवर बसलेल्या ताई म्हणत, “हे काऊन एवढं बोंबलते?” मी तेव्हा त्यांना सांगितलं की ब्लेडचा आवाज असाच असतो. डिसेंबरात एका मित्रालाही हेच लिहून कळवलं, की आवाज आणि वीज सोसायची तयारी असेल तरच ब्लेड घे. ते माझं मत चुकीचं होतं.

चूक कळली ३१ मार्चला. वर्षअखेर, वसुलीचे शेवटचे तास, बाहेर ऊन कललं तरी भिंती तापलेल्या. सहाच्या सुमारास लाइट गेली. सर्व्हर यूपीएसवर होते, एसी नव्हता. जनरेटर सुरू होऊन एसी चालू होईपर्यंत पंधरा-सोळा मिनिटं गेली आणि तेवढ्यात दोन ब्लेड तापून आपोआप बंद पडले. पंखे आधीच जवळजवळ पूर्ण वेगाने फिरत होते, वाढवायला जागाच नव्हती. ११ शाखांचं डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब, अडकलं. शाखांतली माणसं रात्री साडेदहापर्यंत उपाशी बसून होती. व्यवस्थापकसाहेब मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

एसी यूपीएसवर नव्हता हा दोष आमचाच. पण पंधरा मिनिटंसुद्धा तग का धरला नाही, हे मला शोधायचंच होतं. पुढच्या रविवारी जाड पुठ्ठा मापात कापला आणि दहाही खणांवर टेपने लावला. समोर बसून राहिलो, कारण पुठ्ठा कायमचा ठेवायची वस्तू नाही, आगीचा धोका असतो. तीन-चार मिनिटांत आवाज उतरला. आधी शिट्टीसारखी धार गेली, मग नुसती घरघर उरली. मॅनेजमेंटच्या पानावर पूर्ण चेसिसचा आकडा २१०० वॉटच्या आसपास असायचा, तो १७५० वर येऊन थांबला. पंख्याचं गणितच तसं आहे: वेग निम्मा झाला की वीज एक अष्टमांश लागते, त्यामुळे थोडा वेग उतरला तरी वीज बरीच उतरते. ३५० वॉट म्हणजे महिन्याला सुमारे २५० युनिट. शिवाय तेवढीच उष्णता एसीला बाहेर फेकावी लागत होती, ती वेगळी. पाच महिने आम्ही हे बिल भरलं, दहा प्लास्टिकच्या तुकड्यांपायी.

दोन्ही आकड्यांचे फोटो विकणाऱ्याला पाठवले. आधी तो म्हणाला स्टॉक नाही, मग म्हणाला ४५० रुपये नग. मी म्हटलं, खण उघडे ठेवून चेसिस चालवू नका असं कंपनीच्याच पुस्तकात लिहिलंय. मग झाकणाशिवाय माल पूर्ण झालाच कसा? बिन-झाकणाचा कुकर विकून झाकणाचे पैसे वेगळे मागाल का? महिनाभर फोन चालले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दहा ब्लँक आले, वाहतूक खर्च आम्ही दिला, विषय मिटला असं ठरलं.

मे महिन्यातच एका रविवारी दुपारी, बाहेर ४५ अंश असताना, मुद्दाम एसी बंद करून पाहिलं. यावेळी चाळीस मिनिटं एकही ब्लेड पडलं नाही, मग मीच एसी लावला. रॅकमधल्या वरच्या रिकाम्या जागांनाही पट्ट्या लावल्या, नाहीतर मागची गरम हवा वळून पुढे येते. तापमान रॅकच्या समोर, हवा आत शिरते तिथे मोजा. एसीच्या रिमोटवरचा आकडा खोलीचा असतो, सर्व्हरचा नाही. अॅशरे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस त्या जागी १८ ते २७ अंशांची आहे, आम्ही २५ वर ठेवतो.

आपल्या भागातल्यांसाठी एक गोष्ट: अर्थिंग. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो. मेमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये ७ व्होल्ट दिसत होते. इलेक्ट्रिशियन भाऊ म्हणाले, “जमीनच फाटली ना जी, अर्थिंग कशी लागन?” दुसरा खड्डा केला, रोज संध्याकाळी पाणी घातलं, तेव्हा २ च्या खाली आलं. कापसाच्या हंगामात जवळच्या जिनिंगचे तंतू ब्लेडच्या तोंडावर लोकरीसारखे बसतात, पंधरा दिवसांनी ब्रश फिरवावाच लागतो.

दोन-तीन सर्व्हरचंच काम असेल तर ब्लेड घेऊ नका, साधे २ यू सर्व्हर बरे. सगळी अंडी एका चेसिसमध्ये जातात, म्हणून आमचा बॅकअप रोज रात्री अमरावतीच्या शाखेतही जातो. पण पाच-सहा लागत असतील आणि हाताने काम करायची तयारी असेल, तर मी आज पुन्हा हेच घेईन. नऊ महिन्यांत एकही ब्लेड बिघडलं नाही, म्हणून तर सातवं त्याच माणसाकडून मागवलं. कोटेशन घेताना मात्र ‘सर्व रिकाम्या खणांच्या ब्लँकसह’ हे शब्द लिहून घ्या.

बिलातली ती ओळ लाल पेनाने कापून, मेमधल्या पावतीची झेरॉक्स जोडून बिल परत पाठवलंय. सातवं ब्लेड काल बसवलं. त्या खणाचं निघालेलं झाकण पुसून, क्रमांक लिहून कॅशच्या कपाटात ठेवलंय. उद्या एखादं ब्लेड दुरुस्तीला गेलं तर तो खण एक दिवसही उघडा राहायला नको.