नव्वद अंशांच्या पाण्यातून वीज: ओआरसी घ्यायचं की फ्लो बॅटरीची वाट पाहायची?

गॅस इंजिनाच्या जॅकेटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या कवचातून, ९० अंशांचं पाणी निघतं आणि सगळी ऊब कूलिंग टॉवरवर सांडून परत येतं. समजा ही उष्णता ५०० किलोवॉट आहे. थंड बाजू ३० अंशांची धरली, तर कार्नोच्या हिशेबाने (उष्णतेतून जास्तीत जास्त किती वीज निघू शकते याचा नियम) फार तर साडेसोळा टक्के, म्हणजे ८० किलोवॉटच्या आसपास वीज. कुठलंही यंत्र घ्या, याच्या वर जाणार नाही.

ओआरसी (ऑरगॅनिक रँकिन सायकल) म्हणजे वाफेच्या टर्बाइनचाच प्रकार, फक्त पाण्याच्या जागी लवकर उकळणारं द्रव. अलास्कात चेना हॉट स्प्रिंग्जला २००६ साली ७४ अंशांच्या पाण्यावर असं यंत्र सुरू झालं आणि त्याने आठ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता दिली. पण तिथे थंड करायला ४ अंशांचं पाणी होतं! कोकणातल्या एमआयडीसीत मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी तिशीच्या वरच राहतं. म्हणून मी सहा-सात टक्केच धरेन: ३० ते ३५ किलोवॉट, आणि त्यातून पंप-पंख्यांची वीज वजा.

फ्लो बॅटरीची, म्हणजे टाकीतल्या द्रावणांवर चालणाऱ्या बॅटरीची, कल्पना मला मनापासून आवडते. पेन स्टेट विद्यापीठातल्या अमोनिया बॅटरीत दोन्ही बाजूंना तांब्याची जाळी आणि कॉपर नायट्रेटचं फिकट निळं द्रावण असतं. एका बाजूला अमोनिया घातला की द्रावण शाईसारखं गडद होतं, तिथली जाळी विरघळू लागते, दुसरीवर तांबं चढतं आणि वीज मिळते. मग वाया जाणाऱ्या उष्णतेने अमोनिया उडवून दुसऱ्या बाजूला घालायचा आणि उलटी फेरी सुरू करायची. द्रावण टाकीत ठेवता येतं, त्यामुळे वीज संध्याकाळी हवी तर संध्याकाळी काढा. ओआरसीला हे जमत नाही.

अडचण आकड्यांत आहे. त्या प्रयोगात पहिल्या फेरीत जाळीच्या चौरस मीटरमागे ११५ वॉट मिळाले, पण उलट्या फेरीत ६०वर आले, कारण कॉपर हायड्रॉक्साइडचा साका बसला. ॲसिड घातल्यावर ताकद परत आली, म्हणजे तो खर्चही धरायला हवा. आणि हजार लिटर द्रावणातून निघाली जेमतेम ०.४५ युनिट. ३० किलोवॉट तासभर हवेत, तर टाक्या किती लागतील ते मोजा: सुमारे ६६ हजार लिटर. हे आज कारखान्यात बसवण्यासारखं नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रयोग करायला मात्र उत्तम विषय आहे.

पण तुमच्याकडे वातानुकूलन किंवा चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) भार असेल, तर वीज काढायचीच कशाला? गरम पाण्यावरचं व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन, म्हणजे विजेऐवजी उष्णतेवर चालणारा चिलर, याच ५०० किलोवॉटमधून साधारण १०० टन थंडावा देतं. तेवढ्यासाठी विजेवरचा चिलर ६०-७० किलोवॉट खातो. म्हणजे ओआरसीच्या दुप्पट फायदा, फक्त कूलिंग टॉवर मोठा लागतो. चिलर नसेल, पण बॉयलरचं फीड वॉटर (त्यात भरायचं पाणी) थंड येत असेल, तर ते या गरम पाण्याने तापवणारा साधा हीट एक्स्चेंजर सगळ्यात स्वस्त पडेल.

यातलं काहीच लागू नसेल आणि इंजिन वर्षभर चोवीस तास चालत असेल, तरच ओआरसीचं कोटेशन मागवा. त्यात निव्वळ किलोवॉट मे महिन्यातल्या थंड पाण्यावर लिहून घ्या.