लेकराला अंक शिकवायचेत: पिठाची परात, चिंचोके, ठिकरी का पत्ते?

साडेतीन-चार वर्षांचं लेकरू एक ते वीस धडाधड म्हणतंय पण घड्याळातला ७ दाखवला की गप्प, असं असेल तर काळजी करू नका. म्हणता येणं वेगळं, अंक ओळखणं वेगळं आणि ७ म्हणजे किती हे कळणं आणखी वेगळं. आपलं लेकरू यातलं नेमकं कुठं अडलंय ते आधी बघा आणि मग खेळ निवडा, मी लेकीसोबत हे चारही करून बघितलेत.

आकारच लक्षात राहत नसेल तर पिठाच्या परातीला तोड नाही. परातीत ज्वारीच्या पिठाचा पातळ थर पसरायचा, बोटानं अंक काढायचा, परात हलवली की पुसला, चुकलेलं दिसतच नाही म्हणून लेकरू परत परत काढतं. आज्जी भाकरी थापायची तेव्हा माझी लेक शेजारी बसायची, कोपरापर्यंत पीठ, आणि ३ काढून म्हणायची सहा! आपले ३ आणि ६ आरशात बघितल्यासारखे आहेत, त्यामुळं हा घोटाळा खूप लेकरं करतात, आणि सहा-सात वर्षांपर्यंत अधूनमधून उलटे अंक निघतातच, त्यावरून ओरडू नका. आज्जीनं परातीत ३६ काढलं आणि म्हणाली, "बघ माय, ह्या दोघींचं भांडण झालंय, पाठ करून बसल्यात." मग ६३ काढलं, "आता बोलायल्यात बघ." पुढं आठवडाभर पोरगी दिसेल तिथं भांडण शोधत होती आणि ३ हळूहळू सरळ झाला.

पण परातीत ५ छान काढता आला म्हणजे पाच म्हणजे किती ते कळलं असं नाही, त्यासाठी चिंचोके. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मोठा अंक लिहायचा आणि तेवढे चिंचोके लेकरानं एकेक करून हातानं उचलून त्यावर ठेवायचे, नाहीतर तोंड पुढं पळतं आणि हात मागं राहतो. ठेवून झाले की विचारा "मग किती झाले?" परत एकपासून मोजायला लागलं तर शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण, हे अजून कळलेलं नाही, थोडे दिवस जाऊ द्या. आधी फक्त १ ते ५ घ्या, आणि पत्रिका मागंपुढं करून टाका कारण ओळीनं ठेवल्या तर लेकरू अंक न बघता नुसत्या क्रमावरून सांगतं. ० ची पत्रिका रिकामी ठेवायची, लेकरांना याची भारी मजा वाटते. तीन वर्षांच्या आतलं लेकरू घरात असेल तर मात्र चिंचोके नकोच, नाकात-तोंडात घालतात, त्याऐवजी मोठे ठोकळे घ्या.

जे लेकरू दोन मिनिटं एका जागी बसत नाही त्याला ठिकरी. खडूनं घरं आखायची, अंक उलटसुलट लिहायचे आणि "चारवर उडी मार" म्हणायचं. ओळख पक्की व्हायला चांगलं आहे, पण नवा अंक शिकवायला मला ते कमी पडलेलं वाटलं कारण उड्या मारायच्या नादात अंकाकडं बघतंय कोण. आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये अंगण असं तापतं की हे सकाळीच किंवा दिवस बुडायच्या टायमाला.

पत्ते पाच वर्षांनंतर. बदाम सात मध्ये ७ च्या आधी ६ आणि नंतर ८ हे खेळता खेळता डोक्यात बसतं, आणि पत्त्यावर अंक आणि तेवढे बदाम दोन्ही असतात. पण त्यावरचे अंक इंग्रजी, म्हणून शाळा मराठी असेल तर आधी आपले १ ते ९ पक्के होऊ द्या, नाहीतर दोन्ही लिप्या एकदम आल्या की लेकराचा गोंधळ होतो.

मोबाईलवरचे अंकांचे गेम आम्हीही लावले, बोट फिरवलं की टाळ्या वाजायच्या, पण समोर चार बिस्किटं ठेवली तर किती ते सांगता येईना, म्हणून बंद केले. आता लहाना तीन वर्षांचा होतोय, त्याच्यासाठी परत परातच काढलीय, चिंचोके अजून वरच्या फळीवरच आहेत.