गुगल फॉर्म्स: वर्गाचा फीडबॅक घ्यायला फुकट आणि लय कामाचं

सांगलीत बीएस्सीला शिकवते, फीडबॅक सेमिस्टर संपायची वाट न बघता मध्येच घेते आणि त्यासाठी हेच वापरते. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, घेतात तो शेवटी येतो, त्याचा फायदा झाला तर पुढच्या बॅचला, समोर बसलेल्या पोरांना काय मिळालं मग? मी तीनच प्रश्न मराठीत टाकते, काय समजतंय, काय डोक्यावरून जातंय, काय बदलू. ईमेल गोळा करायचं सेटिंग बंदच ठेवा, आणि एकाला एकदाच भरता येईल हे पण चालू करू नका कारण मग लॉगिन मागतं आणि नाव कळेल या भीतीने सगळे छान छान लिहितात. वर्गातच मोबाईलवर भरून घ्या, घरी गेल्यावर कोण भरत नाय. चार्ट आपोआप होतात पण मोठी उत्तरं बसून वाचायलाच लागतात, खरा माल तिथंच असतो. तासगावची एसटी उशिरा आली की सुरुवातीची गणितं हुकतात असं कुणीतरी लिहिलेलं, म्हणून आता गणितं तासाच्या शेवटी घेते. आणि काय बदललं ते पोरांना सांगाच, नाहीतर पुढच्या वेळी मनापासून कोण लिहिणार. माझ्याकडून पाच स्टार.