जळगाव-धुळे ये-जा, बाळाची कार सीट आणि बाबागाडी: वर्षभराच्या वापरानंतर

आमचं घर जळगावला, माझं माहेर धुळ्याला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. त्यामुळे लेकीचा गाडीतला पहिला प्रवास दवाखान्यापासून आईच्या घरापर्यंत आणि दुसरा, सव्वा महिना झाल्यावर, थेट जळगावपर्यंत. दोन्ही वेळा ती कार सीटमध्येच होती. आता ती धरून धरून उभी राहते. या काळात हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा असा पूर्ण फेरा झाला, म्हणून सविस्तर लिहिते. मॉडेल दर वर्षी बदलतात, त्यामुळे कंपनीपेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगते.

आधी माझं स्पष्ट मत. बजेट एकच असेल तर जास्त पैसे कार सीटला द्या आणि बाबागाडी साधी घ्या. आपल्याकडे बहुतेक घरांत उलटं होतं. बाबागाडी चारचौघांत दिसते, भेट म्हणूनही येते. कार सीटचा विषय काढला की 'मांडीवर घेऊन बसू की' हे उत्तर ठरलेलं. आमच्या सासूबाईही तेच म्हणाल्या, आणि त्यात नातीवरची मायाच होती. पण ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी आदळली, तर सहा किलोचं लेकरू त्या क्षणी क्विंटलाच्या घरातल्या जोराने पुढे ओढलं जातं. कितीही घट्ट धरलं तरी तेवढा जोर कुणाच्या हातांना पेलणारा नाही. कायदाही आहे: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा सुरक्षित आसनाशिवाय नेलं तर १००० रुपये दंड.

आम्ही घेतलेली सीट १३ किलोपर्यंतची, तोंड मागे करून बसवायची. तोंड मागे का? तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार जड आणि मान कच्ची असते. समोरून धक्का बसला की सीटची पाठ डोकं, मान आणि पाठ एकत्र सांभाळते. गेल्या हिवाळ्यात एरंडोलच्या अलीकडे कापसाने भरलेला ट्रॅक्टर बाजूच्या रस्त्यावरून एकदम आडवा आला. करकचून ब्रेक लागला, आम्ही सगळे पट्ट्यांवर आदळलो. लेक मात्र सीटच्या पाठीत दबली, डोळे उघडून बघितलं आणि परत झोपली. त्या दिवसापासून निघण्याआधी सासूबाई स्वतः बकल ओढून बघतात.

घेताना लेबल बघा. जुन्या युरोपीय मानकाच्या, म्हणजे आर ४४/०४ च्या सीटवर नारिंगी स्टिकर आणि गोलात इंग्रजी 'ई' असतो. नवीन मानक आर १२९, त्यात बाळाच्या उंचीवरून सीट ठरते आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ती नुसती गादीची खुर्ची समजा. दुसरं म्हणजे, पैसे देण्याआधी सीट आपल्याच गाडीत बसवून बघा. आमची गाडी जुनी, आयसोफिक्स (सीट थेट अडकवायच्या गाडीतल्या कड्या) नाही, म्हणून तीन बिंदूंच्या, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्हींवरून जाणाऱ्या पट्ट्याने बांधावी लागते. पट्टा जिथून जातो तिथे निळ्या खुणा असतात. गाडीचा पट्टा आखूड असेल तर सीटभोवती पुरत नाही. मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे ही सीट बसत नाही. आम्ही मागे डावीकडे लावली, म्हणजे बाळाला रस्त्याच्या कडेने उतरवता येतं. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना तोंड मागे असलेली सीट कधीच लावायची नाही. एअरबॅग फुटली तर ती थेट सीटच्या पाठीवर आदळते.

बसवल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवा. इंचभराहून जास्त सरकली तर पुन्हा बांधा. बाळाचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा जरा खालून यायला हवेत, आणि खांद्याजवळ पट्टा चिमटीत पकडता येता कामा नये. थंडीत इथे गल्लत होते. धुळ्याची डिसेंबरातली पहाट कशी असते ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे आई दोन स्वेटर चढवूनच नात हातात द्यायची. जाड कपड्यांवर पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यात लोकर दबते आणि पट्टा ढिला पडतो. म्हणून आता अंगात साधे कपडे, पट्टे लावून झाले की वरून आजीची गोधडी.

उन्हाळा जास्त कठीण गेला. आखाजीला माहेरी निघालो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. उन्हात उभ्या गाडीत बकलचं धातू इतकं तापतं की बाळाच्या मांडीला चटका बसेल. गाडी लावताना सीटवर पांढरा पंचा टाकतो, निघताना काढतो, आणि बकलला हाताची मागची बाजू लावून बघितल्याशिवाय लेकीला बसवत नाही. आधी दारं उघडी ठेवून गरम हवा जाऊ द्यायची, मग एसी. आमच्या गाडीत मागे एसीचं तोंड नाही, तिची पाठ घामाने भिजते. त्यामुळे पारोळ्याला थांबून तिला बाहेर काढतो, पाठ पुसतो, दूध देतो. तसंही तान्ह्याला सलग दोन तासांवर सीटमध्ये ठेवू नये. घरी पोचल्यावर झोपलेली असली तरी उचलून पाळण्यात. अर्धवट बसलेल्या स्थितीत हनुवटी छातीला टेकली की श्वास अडकू शकतो.

बाबागाडीचं थोडक्यात. तान्ह्यासाठी पाठ जवळजवळ सपाट व्हायला हवी, पाच बिंदूंचा (दोन्ही खांदे, कंबरेच्या दोन्ही बाजू आणि पायांमधून येणारा) पट्टा हवा, मागच्या चाकांना एकाच दांडीचा ब्रेक हवा. आमचीत हे सगळं आहे. मेहरूण तलावाच्या फेरीला ती छान चालते. फुले मार्केटात नेण्याचा आग्रह धरू नका. तिथे कडेवर किंवा कॅरिअरमध्येच बरं. पेव्हर ब्लॉक आणि गल्लीतल्या गतिरोधकांवर छोटी पुढची चाकं अडतात, म्हणून मोठी चाकं आणि स्प्रिंग बघून घ्या. हँडलला भाजीची पिशवी अडकवली तर बाळ उचलताच गाडी मागे उलटते. उन्हासाठी वरून ओढणी टाकू नका, आतली हवा कोंडून आणखी तापते. छत पुढे ओढा आणि सावलीची बाजू धरा.

निगा राखण्यात दोन गोष्टी खास आपल्या भागातल्या. पहिली, काळी माती. पावसात बाबागाडी शेतावर नेली की चाकांना माती लगडते. ओली असताना घासली तर ती आसात शिरते. वाळू द्यायची, मग काडीने खरवडून ओल्या फडक्याने पुसायची. पुढची चाकं बटण दाबून निघतात. आत कापसाचे तंतू आणि केस आसाला घट्ट गुंडाळलेले सापडतात, ते चिमट्याने ओढून काढायचे. तेल घालू नका, त्यावर धूळ बसते. सिलिकॉन स्प्रे चालतो.

दुसरी, केळी. रावेरच्या पाहुण्यांकडून घड आला की लेकीचा खाऊ तोच, आणि कुस्करलेलं केळं कार सीटच्या बकलमध्ये जातं. एकदा लाल बटण दाबलं तर वर येईना, पट्ट्याची जीभ बकलात जायची पण 'टक्' आवाज नाही. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बकल खालून मोकळं केलं, कोमट पाण्यात धरून बटण दाबत राहिलो. काळी पडलेली केळ्याची गाठ बाहेर आली तेव्हा आवाज परत आला. बकलला साबण किंवा तेल लावायचं नाही. पट्टे मशीनमध्ये धुवायचे नाहीत, ब्लीच तर नाहीच. ओल्या कपड्याने पुसून सावलीत वाळवायचे. कव्हर मात्र निघतं, सौम्य पावडरीने हाताने धुतो.

नात्यात सीट देऊ का, हे विचारणं सुरू झालंय. अपघात झालेली किंवा मुदत संपलेली सीट कुणाला देऊ नये. आमच्या सीटच्या तळाला मुदत छापलेली आहे आणि तिला धडकही बसलेली नाही, त्यामुळे पुस्तिकेसकट जावेकडे जाईल. लेकीचं डोकं सीटच्या वरच्या कडेपासून इंचभर खाली राहिलं किंवा काटा १३ वर गेला की पुढची सीट, तीही शक्य तितके दिवस तोंड मागे करूनच. पाय दुमडले म्हणून घाई करणार नाही, पाय दुमडलेले चालतात. येत्या श्रावणात कानबाईच्या रोटांना धुळ्याला जायचंय, तोवर हीच पुरेल.