नवी मुंबईची बेलापूर-पेंधर मेट्रो: खारघरला राहणाऱ्याचं मत

पेठपाड्याजवळ फ्लॅट घेतला तेव्हा ब्रोकर म्हणालेला, "साहेब, मेट्रो आलीच समजा". भूमिपूजन २०११ चं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, तीही ना नारळ ना फीत, एक दिवस सुरू आहे म्हणाले आणि सुरू झाली पण. तोपर्यंत आपण रिक्षावाल्यांच्या मर्जीवर. खारघर स्टेशनबाहेर सेक्टरचं नाव काढलं की मान दुसरीकडे, शेअरमध्ये बसलो तर चौथा येईपर्यंत बसून राहा, आणि तो चौथा ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर लटकलेला.

आता गाडी मस्तच आहे. तीन डबे, एसी, स्वच्छ, गर्दी लोकलच्या पासंगालाही नाही. बेलापूरपासून पेंधरपर्यंत ११ स्टेशनं, पूर्ण टोकापर्यंतचं तिकीट आधी ४० होतं ते सप्टेंबर २०२४ मध्ये ३० केलं, तेव्हाच आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक मेट्रोला लागले. उजेड असेल तर खिडकीकडेच उभा राहतो, पावसाळ्यात डोंगर असा काही हिरवा होतो की मोबाईल खिशातच राहतो.

पण खरी गोची वेगळीच आहे. मेट्रो जाते खारघरच्या पोटातून पण खारघर रेल्वे स्टेशनला शिवतच नाही!! लोकल पकडायची तर आधी बेलापूरला जा, तिथून चालत हार्बरचा प्लॅटफॉर्म गाठा. मला सीएसएमटीकडे जायचं असतं म्हणून चालतं, त्याच दिशेला जातो, पण पनवेलला जाणाऱ्याने काय उलटं जायचं का? तो बिचारा अजून रिक्षातच. आणि रात्री दहाच्या सुमारास गाड्या संपतात, म्हणजे सेकंड शिफ्टवाले परत त्याच चौथ्या सीटची वाट बघत. गाड्याही थोड्या जवळजवळ सोडा राव, एक डोळ्यासमोर सुटली की मोबाईल बघत बसायचं.

बाकी मला वाटलेलं मेट्रो ऑफिसवाल्यांसाठी, पण खरा फायदा आमच्या आईने उचलला. सत्तरीची आहे, रिक्षावाल्याशी भांडायला लागतं म्हणून घराबाहेर पडत नव्हती. आता संध्याकाळी मैत्रिणींबरोबर सेंट्रल पार्कला जाते, लिफ्ट आहे त्यामुळे गुडघ्यांची तक्रार नाही, आणि येताना भाजी पण आणते. परवा मला म्हणते, तू रोज एवढी कुरकुर कशाची करतोस रे.

पाचपैकी साडेतीन. खारघर स्टेशनला जोडली की उरलेले देतो.